वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या स्प्लेंडरचे पेट्रोल का गळते?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. वडिलांची २००८ सालची स्प्लेंडर प्लस चिपळूणजवळच्या गावी पडवीत साडेतीन वर्षे उभी होती, टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल तसेच राहिले होते, आणि आता टाकीखालचा नळ उघडला की कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, त्याच्या खालच्या नळीतून पेट्रोलची धार लागते. गावातल्या मेकॅनिकने फ्लोटची पिन, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई, बदलली, त्यानंतर दोन दिवस गाडी बरी चालली, तिसऱ्या दिवशी गळती पुन्हा सुरू झाली, आणि आता तो नवा कार्बोरेटर बसवायला सांगतो आहे. तो बसवावा का, असे तुम्ही विचारता.

सध्या बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते 'दोन दिवस बरी चालली' हे वाक्य. पिन चुकीची असती किंवा ती ज्या भोकात बसते ती सीट खराब असती, तर गाडी पहिल्याच तासात गळली असती. दोन दिवस नीट चालून मग गळायला लागली, याचा सरळ अर्थ असा की त्या दोन दिवसांत वरून काहीतरी वाहत येऊन पिनेखाली अडकले, आणि वर टाकीशिवाय दुसरे काही नाही. टाकी आहे तशी ठेवून नवा कार्बोरेटर बसवला, तर तोही आठवड्याभरात असाच गळेल आणि दोष त्या नव्या कार्बोरेटरवर येईल. माझ्याकडे असे दोन-दोन कार्बोरेटर बदलून झालेल्या गाड्या आलेल्या आहेत.

आत काय घडते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. स्प्लेंडरला पेट्रोलचा पंप नाही. पेट्रोल टाकीतून निव्वळ उंचीच्या जोरावर खाली येते. कार्बोरेटरच्या तळाला जी वाटी असते तिच्यात ते साठते आणि साठता साठता फ्लोट या तरंगणाऱ्या पोकळ भागाला वर उचलते. फ्लोटची छोटी जीभ पिनेला वर ढकलते, आणि पिनेचे रबरी टोक पितळी सीटच्या भोकात बसून येणारे पेट्रोल अडवते. त्या सीटवर केसाइतका बारीक गंजाचा कण बसला तरी भोक पूर्ण मिटत नाही, पेट्रोल थेंबथेंब येतच राहते आणि वाटी भरून वाहू लागते. हे जादा पेट्रोल इंजिनात जाऊ नये म्हणून वाटीत एक उभी पितळी नळी ठेवलेली असते; पातळी तिच्या तोंडाच्या वर गेली की पेट्रोल त्या नळीतून खाली सांडते. त्यामुळे खालून पेट्रोल गळताना दिसणे ही एका अर्थी सुरक्षेची सोय आहे. काही जण त्रासून त्या नळीला बूच मारतात. तसे कधीही करू नका, कारण मग तेच पेट्रोल सिलिंडरमध्ये किंवा एअर फिल्टरच्या डब्यात उतरते.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि बंद पडवीच्या कोपऱ्यात साचून राहते. म्हणून गाडी अंगणात, उघड्यावर आणि चुलीपासून व पाणी तापवायच्या बंबापासून लांब घ्या, बॅटरीची ऋण तार काढून ठेवा आणि जवळ कोरड्या वाळूची बादली असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर जळते पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. दुसरी गोष्ट म्हणजे इतके दिवस पेट्रोल गळत असताना थोडे इंजिनातही गेले असण्याची शक्यता आहे, तेव्हा आता किक मारू नका. ऑइलची पट्टी काढून ऑइलचा वास घ्या. पातळी खुणेच्या वर गेली असेल, ऑइल पाण्यासारखे पातळ लागत असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचे नाही. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग आणि कॅम घासले जातात, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेले असताना जोरात किक मारली तर आतले भाग वाकूही शकतात. प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, हाताने किक सावकाश चार-सहा वेळा दाबा; आत पेट्रोल असेल तर ते प्लगच्या भोकातून बाहेर येईल, म्हणून त्या वेळी तोंड तिकडे नेऊ नका.

आता मूळ तपासाकडे वळू. या प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये एक फसवी गोष्ट असते. वाटीच्या तळाच्या एकाच नळीतून तीन वेगवेगळ्या गळत्या बाहेर येतात: वाटी जास्त भरल्याने वरून सांडणारे पेट्रोल, वाटी रिकामी करायचा ड्रेन स्क्रू नीट न बसल्याने झिरपणारे पेट्रोल, आणि उभ्या नळीला तडा गेला असेल तर त्या तड्यातून येणारे पेट्रोल. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. बहुतेक मेकॅनिक न तपासता पहिले कारण धरून पिन बदलतात. दहापैकी सात-आठ वेळा ते बरोबर ठरते, म्हणून ही सवय टिकून आहे.

तिन्हींतला फरक कळायला फक्त एक बाटली आणि थोडा धीर लागतो. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी उभी करा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, वाटीतली पातळीही त्याबरोबर कलते आणि एरवी न गळणारी गाडीसुद्धा कधी कधी थेंब टाकते. मग नळ उघडून गळती सुरू होऊ द्या, खाली काचेची बाटली धरा आणि नळ बंद करा. नळ बंद केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत थेंब थांबले, तर पातळी उभ्या नळीच्या तोंडाखाली गेली म्हणून ते थांबले; याचा अर्थ वाटी जास्त भरत होती आणि दोष पिन, सीट किंवा फ्लोटमध्ये आहे. नळ बंद करूनही थेंब येतच राहिले आणि वाटी रिकामी होईपर्यंत थांबले नाहीत, तर पिनेचा संबंध नाही. ड्रेन स्क्रू झिरपतो आहे किंवा उभ्या नळीला अगदी तळाशी तडा आहे. आणि थेंब बऱ्याच वेळाने, पण वाटी अर्धी असतानाच थांबले, तर तडा नळीच्या मधोमध आहे, कारण पातळी तड्याच्या खाली गेल्यावर पेट्रोलला बाहेर पडायला वाट उरत नाही. शेवटी ड्रेन स्क्रू उघडून उरलेले पेट्रोल त्याच बाटलीत घ्या, म्हणजे वाटीत किती शिल्लक होते ते कळेल.

ती बाटली उजेडात धरून बघा. तळाला तांबूस गाळ दिसला तर टाकी गंजली आहे. तळाशी वेगळा, पाण्यासारखा थर दिसला तर पेट्रोलमधले इथेनॉल पाणी ओढून वेगळे झाले आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि कोकणातल्या तीन-चार पावसाळ्यांत अर्धवट भरलेल्या टाकीत, झाकणाच्या श्वासछिद्रातून आत-बाहेर होणाऱ्या दमट हवेमुळे, किती पाणी जमा होत असेल ते तुम्हीच पाहा. पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. नळाचे रिझर्व्हचे तोंड तळाशी असते, त्यामुळे नळ रिझर्व्हवर असताना कार्बोरेटरला हाच थर आधी मिळतो. गंजही तळाशीच धरतो. वाटीत पांढरी भुकटी आणि जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर, हिरवट थर दिसला, तर तोही याच पाण्याचा परिणाम समजा. पेट्रोलचा चिकट, व्हार्निशसारखा वास येणारा पिवळा थर मात्र वेगळा. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, उरलेल्यांचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा पदार्थ तयार होतो, तो हा थर.

म्हणून काम टाकीपासून सुरू करायचे. सगळे जुने पेट्रोल काढा. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका आणि नव्या पेट्रोलमध्ये मिसळून वापरायचा मोहही टाळा. नळ टाकीपासून सोडवा. त्याच्या वर टाकीत शिरणारी बारीक जाळी असते. तुमच्या गाडीत ती फाटलेली किंवा गळून पडलेली असेल असा माझा अंदाज आहे, कारण जाळी शाबूत असती तर दोन दिवसांत इतका मोठा कण खाली आला नसता. नळाच्या आत चकतीला लागून चार भोकांचे रबरी पॅकिंग असते. वाळून कडक झालेले ते पॅकिंग 'बंद' स्थितीतही पेट्रोल सोडते, आणि मग रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी डबक्यात उभी दिसते. नळाचा भाग महाग नाही. पॅकिंग वेगळे मिळत नसेल तर पूर्ण नळच बदला.

टाकीतला सुटा गंज काढायला आमच्या भागात मूठभर खडी टाकून टाकी हलवण्याची जुनी पद्धत आहे. खडीचे तुकडे होतात आणि त्यातला एखादा कोपऱ्यात अडकून वर्षभराने खाली येतो, म्हणून मी स्टेनलेस स्टीलचे छोटे नट वापरतो आणि टाकताना व काढताना ते मोजतो. त्यानंतर नळाचे भोक रबरी बुचाने बंद करून टाकी गळ्यापर्यंत पांढऱ्या व्हिनेगरने किंवा लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने भरून दिवसभर ठेवायची, मधून मधून टॉर्च लावून बघायचे. या वेळी नळ टाकीला लावलेला नको, कारण त्याच्या मिश्रधातूला आम्ल खाते. आम्ल काढून टाकल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी विसळा, मग स्वच्छ पाण्याने विसळा आणि लगेच वाळवा. यातले 'लगेच' महत्त्वाचे आहे, कारण उघडा पडलेला ओला पत्रा अर्ध्या तासात पुन्हा तांबूस होतो. वाळवायला हेअर ड्रायर किंवा कडक ऊन वापरा, मात्र टाकीत पेट्रोलचा वास शिल्लक असेल तोवर विजेचे उपकरण जवळ आणू नका. वाळल्यावर आतून थोडे टू-स्ट्रोक ऑइल फिरवा. पत्र्याला बारीक छिद्रे पडली असतील तर मात्र हे सारे श्रम वाया जातील आणि टाकी बदलावी लागेल.

टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्रही तपासा. कोकणात कुंभारमाशी कोणत्याही बारीक भोकात माती भरते, आणि झाकणाचे छिद्र व कार्बोरेटरची हवेची नळी या तिच्या आवडत्या जागा आहेत. हे छिद्र बुजलेले असताना गाडी उन्हात तापली, तर टाकीत दाब तयार होतो आणि तो दाब चांगल्या पिनेलाही ढकलून पेट्रोल खाली पाठवतो. सकाळी सावलीत न गळणारी गाडी दुपारी गळत असेल तर आधी झाकण बघावे.

आता कार्बोरेटर. तो उतरवण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, विशेषतः कोणती रबरी नळी कुठे जाते त्याचे. स्क्रू सोडताना स्वस्तातला टोकेरी स्टार स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. जपानी पद्धतीच्या स्क्रूच्या खाचा जरा वेगळ्या घडणीच्या असतात, साधा ड्रायव्हर त्यातून निसटतो आणि खाच गोल होते. तसा ड्रायव्हर नसेल तर नीट बसणारा घ्या, त्याच्या मुठीवर एक-दोन हलके ठोके द्या आणि मगच फिरवा. वाटी चिकटली असेल तर मधे पेचकस घालून उचकटू नका. लाकडी दांड्याने कडेवर टिचक्या मारल्या की ती सुटते.

वाटी उघडल्यावर फ्लोट एका बारीक कांडीवर झुलताना दिसेल, आणि ही कांडी ज्या दोन कानांत बसते ते कान ठिसूळ मिश्रधातूचे असतात. बरीच वर्षे बंद असलेल्या गाडीत ही कांडी गंजून आवळलेली असते. उमेदवारीच्या काळात मी अशीच एक कांडी हातोडीने ठोकली, एक कान तुटला आणि गिऱ्हाइकाचा पूर्ण कार्बोरेटर माझ्या पगारातून भरून द्यावा लागला. म्हणून सांगतो, भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा, गरम पाण्यात बुडवून कोमट करा, आणि ज्या बाजूने कांडीचे डोके जाड नाही त्या बाजूने, दुसऱ्या हाताने कानाला मागून आधार देऊन, बारीक पंचने हळू दाबा.

पिन हातात आली की तिचे टोक भिंगातून बघा. रबरी टोकावर अंगठीसारखी खोल रेघ उमटली असेल तर पिन बाद. तुमची पिन नवीन असल्याने रेघ नसावी, पण गंजाचा कण टोचलेला किंवा छोटा खड्डा दिसू शकतो. दुकानात मिळणाऱ्या पिना दिसायला सारख्या असल्या तरी लांबीत अर्धा-एक मिलिमीटर फरक असतो आणि तेवढ्याने फ्लोटची पातळी बदलते. जुनी पिन मेकॅनिककडून परत मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवून मोजा. पिनेच्या मागच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली बारीक कळ असते. ती दाबून सोडली की चटकन वर यायला हवी, अडकत असेल तर ती पिनही घेऊ नका.

पिनेपेक्षा सीटकडे दुर्लक्ष जास्त होते. या कार्बोरेटरमध्ये सीट अंगातच दाबून बसवलेली असते, ती वेगळी बदलता येत नाही, म्हणून मेकॅनिक तिला हातच लावत नाही. यामाहा आरएक्स १०० सारख्या गाड्यांच्या मिकुनी कार्बोरेटरमध्ये सीट आट्यांची असते आणि पिनेसकट मिळते, ती सोय इथे नाही. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला पितळ चकाकवायचे पॉलिश अगदी थोडे लावा, काडी सीटच्या भोकात घालून बोटांनी वीस-पंचवीस वेळा फिरवा, मग नवी काडी पेट्रोलमध्ये बुडवून सारे पॉलिश पुसून काढा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. सीटची कड अखंड, चकचकीत वर्तुळासारखी दिसायला हवी. पॉलिश पेपर किंवा ड्रिलचे पाते तिथे वापरले तर सीट कायमची जाते. माझ्या अनुभवात 'पिन बदलूनही गळते' अशा गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक एवढ्यानेच थांबतात.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल शिरले असेल तर डुचमळण्याचा आवाज येतो किंवा फ्लोट जड लागतो. खात्री नसेल तर तो गरम पाण्याच्या वाडग्यात बुडवून धरा. बुडबुडे निघाले तर त्याला भोक आहे. जुन्या बुलेटचे पितळी फ्लोट डाग देऊन दुरुस्त करतात, प्लास्टिकचा मात्र बदलावा. चिकटवलेल्या फ्लोटवर भरवसा ठेवू नये.

फ्लोटची उंची मोजताना कार्बोरेटर उलटा पालथा ठेवून मोजतात, ही नेहमीची चूक आहे. तसे केल्यास फ्लोटच्या वजनाने पिनेची कळ दबते आणि माप चुकते. कार्बोरेटर कलता धरा, जीभ कळेला नुसती टेकली पाहिजे, कळ दबता कामा नये, आणि त्या स्थितीत पॅकिंग काढलेल्या सपाट कडेपासून फ्लोटच्या सर्वांत लांबच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. आकडा मी मुद्दाम देत नाही. स्प्लेंडरवर वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळे कार्बोरेटर बसले आहेत, तेव्हा अंगावर कोरलेला क्रमांक वाचून त्याच क्रमांकाचे माप पुस्तिकेतून घ्यावे. जीभ धातूची असेल तर पातळ चिमट्याने तिला अगदी किंचित वाकवता येते. जिभेशी केलेला चिमूटभर बदल फ्लोटच्या टोकाशी दुप्पट-तिप्पट होऊन दिसतो, हे लक्षात ठेवा. जीभ प्लास्टिकची असेल तर वाकवायला जाऊ नका.

उभ्या नळीचा तडा डोळ्यांना सहसा दिसत नाही. सुटी वाटी साबणाच्या पाण्याने नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत भरा, ड्रेन स्क्रू बंद ठेवा, नळीचे वरचे तोंड बोटाने झाका आणि खालच्या बाजूला रबरी नळी जोडून इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने हलकेच हवा सोडा. बुडबुडे उभ्या नळीच्या अंगातून निघाले तर तडा आहे. तळाच्या भोकातून निघाले तर ड्रेन स्क्रू झिरपतो. तडा असलेल्या नळीला डाग देणारे कारागीर आहेत, पण वाटीचा मिश्रधातू कमी उष्णतेला वितळतो आणि नवशिक्याच्या हातून वाटीच विरघळते, म्हणून मी जुन्या बाजारातून चांगली वाटी शोधणे पसंत करतो. ड्रेन स्क्रूच्या बाबतीत बहुधा त्याची ओ रिंग (रबरी कडे) वाळलेली असते, ती बदलली की काम होते. स्क्रूचे टोक सीटवर बसून गळती थांबते अशी रचना असेल तर टोक व सीट दोन्ही पुसून घ्या. गळती थांबावी म्हणून तो स्क्रू पिळून आवळणारे लोक आटे घालवून बसतात.

वाटीच्या जोडावरची ओ रिंग जुन्या पेट्रोलने फुगते, आणि वाटी उघडल्यावर लांब होऊन खाचेत बसेनाशी होते. ती एक दिवस कोरडी पडू दिली तर बऱ्याचदा आकसून बसते, पण तो उपाय अडल्यानडल्याचा आहे. नवी घ्या आणि घेताना इथेनॉल चालणारे रबर मागा. २००८ च्या गाडीचे रबर आणि नळ्या वीस टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या नाहीत, त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळीही याच वेळी बदला. नळी बोटांनी वाकवली की भेगा दिसत असतील तर वाटच पाहू नका. गॅस्केट शेलॅक सारखे जोड चिकटवायचे काहीही वाटीच्या जोडाला लावू नका. ते पेट्रोलमध्ये सुटते आणि त्याचे धागे थेट जेटमध्ये जातात.

उघडलेच आहे तर जेटही साफ करा. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो घड्याळाच्या दिशेने हलकेच टेकेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवा. इंजिन संथ चालताना पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. त्यात सुई किंवा स्टीलची तार घातली तर भोक मोठे होते आणि गाडी आयुष्यभर जादा पेट्रोल खाते; विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक काडी पुरेशी असते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारताना डोळ्यांना चश्मा हवा, कारण एका भोकात मारलेला फवारा हमखास दुसऱ्या भोकातून तोंडावर येतो. रबराचे सर्व भाग त्याआधी काढून ठेवा. रॉकेलने बाहेरची माती निघते, आतला व्हार्निशचा थर निघत नाही.

जोडणी झाल्यावर कार्बोरेटर लगेच गाडीवर चढवू नका. तो शिकंजात सरळ धरून किंवा विटांच्या आधाराने सपाट बसवा, एका बाटलीत पावशेर ताजे पेट्रोल घेऊन ती टाकीच्या उंचीला टांगा, नळी जोडा आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. तासाभराने कागद कोरडा असेल तर पिन आणि जोड दोन्ही धरून आहेत. त्याच वेळी तळाच्या नळीला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक वाटीलगत वर धरा आणि ड्रेन स्क्रू अर्धा फेरा उघडा. नळीत जी पातळी दिसते तीच वाटीतली पातळी असते. ती वाटीच्या जोडाच्या काहीशी खाली असायला हवी. जोडाच्या वर असेल तर फ्लोटची उंची पुन्हा बघावी लागेल.

गाडीवर चढवल्यावर टाकीत एकदम पाच लिटर भरू नका. अर्धा लिटर टाका, नळ उघडा, दहा मिनिटे थांबा, मग किक मारा. टाकी धुतली असली तरी पहिले काही दिवस बारीक कण येतात, म्हणून नळ आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पारदर्शक कवचाचा, जाळीचा फिल्टर तात्पुरता बसवा. दाट कागदी फिल्टर घेऊ नका, कारण उंचीच्या जोरावर येणारे पेट्रोल त्यातून पुरेसे उतरत नाही आणि चढावर गाडी गचके खाते. आठ दिवस तो फिल्टर रोज बघा. तांबूस कण साचत असतील तर टाकी पुन्हा धुवा.

नवा कार्बोरेटर कधी घ्यावा, हेही सांगतो. फ्लोटचा कान तुटला असेल, सीटच्या कडेला खड्डा पडून पॉलिशने जात नसेल, किंवा पांढऱ्या भुकटीने अंगातल्या वाहिन्या खाऊन टाकल्या असतील, तर दुरुस्तीत वेळ घालवू नये. एरवी गाडीसोबत आलेला मूळ, केहिन कंपनीचा कार्बोरेटर जपावा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे निकष लागू झाल्यावर स्प्लेंडरवर कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणीची व्यवस्था आली. त्यामुळे बाजारात आता बऱ्याचदा नकली माल येतो, आणि त्याचे जेट व फ्लोट कोणत्या मापाचे आहेत याचा भरवसा नसतो.

पुढच्या वेळी गाडी दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल, तर वडिलांना एवढेच करायला सांगा: नळ बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायचे, त्यानंतर ड्रेन स्क्रू उघडून वाटीतले उरलेले थेंब काढायचे, आणि पावसाळ्यापूर्वी टाकी एकतर काठोकाठ भरून किंवा पूर्ण रिकामी, वाळवून व तेलाचा हात फिरवून ठेवायची. भरलेली टाकी हा मार्ग एकाच पावसाळ्यापुरता आहे. त्याहून जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामीच ठेवावी.